गौरीचं घड्याळ

जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर
१८ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. वनमालाताईस,
सरोजिनीचा सा. नमस्कार.

भोपाळला पोचल्याचं तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. स्टेशनवर वाटलं होतं, गाडी हलताना तू खिडकीतून हात बाहेर काढशील. तू सामान मोजत होतीस. असो, घर हलवायचं म्हणजे परेशानी असतेच. इतकी वर्षं उन्हाळ्यात कचेरीबरोबर इंदूर आणि हिवाळ्यात परत ग्वाल्हेर, याची तुम्हाला सवय झाली होती. आता मात्र गेलात ते गेलातच.

इथे सगळं सुनं झालं आहे. मध्यभारत संपला, सेक्रेटरिएट तुमच्याबरोबर भोपाळला गेलं, हायकोर्ट जबलपूरला. आमच्यासाठी एक बेंच ठेवलंय. हे रोज काळा कोट चढवून कोर्टात जातात आणि दुपारच्या जेवणाला परत येतात. गल्लीत कितीतरी घरांना कुलपं आहेत. तुला नव्या राजधानीत बंगला मिळाला म्हणून सगळ्या विचारतात. मी सांगते, हो, माधवराव साहेब झाले आता.

मुख्य खबर अशी की मला आठवं घड्याळ मिळालं. दसऱ्याचं. शिवपुरीला एका बाईंकडे होतं. त्यांच्या मुलीला वेळ बरोबर दाखवणारं नवं घड्याळ हवं होतं, ते मी दिलं आणि हे आणलं. सेकंद काट्याच्या जागी सोन्याचं आपट्याचं पान फिरतं, ते तुला आठवत असेल. आठ वर्षांपूर्वीच्या त्या संक्रांतीला बाईसाहेबांनी हळदीकुंकवाला ही नऊ घड्याळं वाण म्हणून वाटली, तेव्हा आपण दोघी शेजारी बसलो होतो. त्यांच्या यजमानांनी, संभाजीराव सरदारांनी, ती स्वित्झर्लंडहून खास करवून आणली होती, प्रत्येक तबकडीवर एक सण. एका घराला एक, असं ठरलं होतं. दादा त्यांची घड्याळं सांभाळत, म्हणून आपलं घरही त्यात होतं. "दादांच्या लेकीला द्या," असं बाईसाहेब बोलल्या आणि तबक तुझ्यापुढे गेलं. ते बरोबरच होतं. तू लेक, मी मावशीच्या घरी वाढलेली भाची.

आता जहागिरी गेल्या, ती घरं विखुरली. मी एकेक करून आठ जमवली. नववं तुझ्याकडे आहे, चैत्रगौरीचं. ताई, मी मागत नाही. पण साफसफाईला तरी पाठवशील का? कितीतरी वर्षांत ते कोणी उघडलेलं नाही. आतलं तेल सुकलं असेल.

विश्वासरावांचा माधवरावांना नमस्कार. लीलेला पापा.

तुझी
सरू

*

भोपाळ
९ डिसेंबर १९५६

चि. सौ. सरोजिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इथे लोकांची इतकी ये-जा असते की उत्तराला वेळ लागला. बंगला चांगला आहे. मागे बाग, पुढे व्हरांडा, तिथून मोठा तलाव दिसतो. सध्या रंगाचं काम चाललंय, तेव्हा इतक्यात कोणाला बोलवता येत नाही. हे सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. चार राज्यांची माणसं एका कचेरीत आली आहेत, कामाला अंत नाही.

दसऱ्याचं घड्याळ मिळालं हे ऐकून बरं वाटलं. तुला छंद आहे, फुरसत आहे, चांगलं आहे.

माझं घड्याळ मी हातातच घालते. ते डब्यात ठेवायची वस्तू आहे असं मला कधी वाटलं नाही. गौरीचा झोपाळा अजून सुरेख हलतो. परवा एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या बायकोने माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला. साफसफाईची जरूर नाही. पोस्टाने पाठवायला तर मी मुळीच तयार नाही.

तू भाची वगैरे लिहिलंस. दादांनी तुला कधी वेगळं वागवलं का? उलट घड्याळ उघडून समोर ठेवलं की ते हाक तुला मारायचे. मी पाणी आणून द्यायची. तेव्हा जुनं काढू नकोस.

तुझी
वनमालाताई

*

लष्कर
२० जानेवारी १९५७

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार.

तिळगूळ पोचला असेल. इथे थंडी मोठी पडली आहे.

तू रागावलीस. मी साफसफाईचं लिहिलं ते घड्याळ लाटायला नव्हे. आठही घड्याळं मी उघडून बघितली आहेत, म्हणून सांगते. सात साधी आहेत, चित्र नुसतं तबकडीवर. दसऱ्याचं थोडं वेगळं. पण तुझं या सगळ्यांत निराळं असणार. दादांनी मला एकदा त्याच्या आतलं दाखवलं होतं, तू सासरी जाण्याच्या आदल्या दिवशी. बॅलन्सचं चाक पुढेमागे होतं ना, त्याला केसाएवढी तार जोडली आहे. ती तबकडीच्या भोकातून वर येते आणि तिच्या टोकाला झोपाळा. म्हणजे मशीन आणि गौर वेगळी नाहीतच. ते मशीन श्वास घेतं तोवरच गौर झोका घेते. तसं मशीन मी दुसरं बघितलं नाही. बिनतेलाचं चालवलंस तर चाकाचा आस झिजेल आणि एक दिवस ती थांबेल. मग कोणी भलत्याने हात लावला की बेकार.

दादांनी मला हाक मारली हे खरं आहे. माझे हात लहान होते आणि मी हलत नव्हते. तू पाणी आणायचीस आणि मग त्यांच्या मांडीला टेकून बसायचीस. मी कधी टेकून बसले नाही. ते तू बघितलं नसशील.

अधिकाऱ्यांच्या बायका तुझा हात बघतात हे मी यांना वाचून दाखवलं. हे हसले. मला हसू आलं नाही. इथे माझी आठ घड्याळं बघायला कोण येतं? शेजारच्या सुधाताई शाळेतून येता येता डोकावतात, तेवढंच.

तुझी
सरू

*

भोपाळ
२२ एप्रिल १९५७

चि. सौ. सरोजिनीस,
आशीर्वाद.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू परवा केलं. आंब्याची डाळ, पन्हं, सगळं. नागपूरकडच्या, इंदूरच्या, रीव्याच्या बायका होत्या. गौरीची आरास व्हरांड्यात मांडली आणि मी घड्याळ काढून गौरीच्या पायाशी ठेवलं. सगळ्या वाकून बघत होत्या. एक जण म्हणाली, "ग्वालियरवालों की बात ही अलग है." मला भरून आलं.

तू मांडीचं लिहिलंस. वाचून मी पत्र तसंच ठेवलं, म्हणून इतका उशीर. सरू, मी त्यांची मुलगी होते. मांडीला टेकणं हे काही कोणी मला बक्षीस दिलं नव्हतं. तुला मात्र त्यांनी आपली विद्या दिली. शेवटच्या दुखण्यात ते "सरूला बोलवा, भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय" म्हणत होते, आणि उशाशी मी बसले होते.

मशीनबद्दल काळजी नको. उत्तम चाललं आहे.

तुझी
वनमालाताई

*

लष्कर
११ ऑगस्ट १९५७

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार.

हे अशिलाच्या कामाला भोपाळला येऊन गेले. म्हणाले, बंगला बाहेरून बघितला, छान आहे, पण तू घरी नव्हतीस. मी विचारलं, बाग कशी आहे. म्हणाले, बाग बाग आहे, अजून काय. पुरुषांना विचारून काही फायदा नाही. मी सोबत तुला बेसनाचे लाडू आणि लीलेचं परकर-पोलकं दिलं होतं. ते चौकीदाराकडे ठेवून आले म्हणतात. मिळालं का? तू एका ओळीने कळवलं नाहीस.

ताई, मी एक विचारते. आम्ही वर्षभरात एकदाही तुझ्या घरी येऊ नये असं काय झालंय? रंग अजून वाळला नाही का? वकिली मंद आहे आमची, पण आम्ही काही मागायला येणार नव्हतो. मला तलाव बघायचा होता. गौर झोका घेताना एकदा बघायची होती, बस. हात न लावता.

आता मी विचारणार नाही.

तुझी
सरोजिनी

*

भोपाळ
३ सप्टेंबर १९५७

चि. सौ. सरोजिनीस,
आशीर्वाद.

लाडू आणि परकर-पोलकं मिळालं. लीलेला पोलकं थोडं घट्ट होतं, उसवून घेतलं. यांची तब्येत बरी नव्हती म्हणून कळवायचं राहिलं. गौरी-गणपतीला येणं जमलं नाही. विश्वासरावांना नमस्कार.

वनमालाताई

*

लष्कर
१५ डिसेंबर १९५७

ती. सौ. वनमालाताईस,
सा. नमस्कार.

लिहिणार नव्हते, पण हे काम माझ्या रागापेक्षा मोठं आहे.

बाईसाहेबांच्या सूनबाई, उषाताई, घरी आल्या होत्या. संभाजीरावांनी घराचा पुढचा भाग भाड्याने दिलाय, हे तुला माहीत आहे. दोघं म्हातारी मागच्या बाजूला राहतात. बाईसाहेबांना आता पुष्कळसं आठवत नाही. नातवाला दिराच्या नावाने हाक मारतात. पण घड्याळांचं तेवढं बोलतात. नऊ होती, नऊ कुठे गेली, असं विचारतात. उषाताईंनी ऐकलं होतं की माझ्याकडे आठ आहेत. या संक्रांतीला त्यांच्याकडे छोटंसं हळदीकुंकू आहे. घड्याळं मांडून ठेवाल का, त्यांना एकदा एकत्र बघू दे, असं त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मला हौस आहे हे मी लपवत नाही. लाल मखमल आणली आहे. कोणतं कोणत्या घरचं ते सांगायचंही मनात आहे.

पण आठच मांडली तर त्या नववं विचारतील. तू ये. घड्याळ तुझ्याच हातात राहू दे. मी मागणार नाही, उघडणार नाही. माझ्याकडे उतरायचं नसेल तर आत्याबाईंकडे उतर. बाईसाहेबांसाठी ये.

तुझी
सरोजिनी

*

भोपाळ
४ जानेवारी १९५८

चि. सौ. सरोजिनीस,
आशीर्वाद. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पोचते. आत्यांकडे उतरेन.

वनमालाताई

*

भोपाळ
२१ जानेवारी १९५८

चि. सरू,

तू त्या दिवशी पाणी प्यायचं म्हणून उठलीस ती परत बैठकीत आली नाहीस. मी दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा स्टेशनवरही नव्हतीस. तू नसताना तिथे एक गोष्ट झाली. उषाताई तेव्हा तिळगूळ आणायला आत गेल्या होत्या आणि बाकीच्या बायका आपापल्या मनगटाकडे बघत होत्या. म्हणजे ती तुला कोणी सांगितली नसणार. मीही सांगितली नाही तर चालेल. आठवडाभर तोच विचार केला. आता लिहिते.

आधी माझं. तू पाटावर मखमल पसरून आठ घड्याळं मांडलीस, सगळी एका वेळेला लावलेली, सगळी चालू. मी दारात उभी राहून बघितलं. दादा असते तर त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला असता. मी पदराखाली मनगट झाकून कोपऱ्यात बसले.

मग बाईसाहेबांनी सगळी घड्याळं नीट बघितली आणि विचारलं, "सुवासिनी बसल्यात, वाण कोण देणार?" आणि करंड्यातलं कुंकू घेऊन त्यांनी पहिल्या बाईला लावलं आणि गुढीचं घड्याळ उचलून तिच्या हाताला बांधलं. आपण सगळ्या हसलो. तूही हसलीस. मग दुसरं. मग तुझं हसू थांबलं.

सरू, पहिलं गेलं तेव्हा मला बरं वाटलं. दुसरं गेलं तेव्हाही. तुझा चेहरा बघायला मी मुद्दाम मान वळवली. तू "बाईसाहेब," एवढंच बोललीस आणि त्यांनी तुझ्या गालाला हात लावून "थांब, तुलाही देते" म्हटलं. तू कशी थांबवणार होतीस? दसऱ्याचं सुधाताईंच्या हातावर गेलं तेव्हा तू उठलीस.

तू गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. कुंकू लावायला हात धरला, पदर सरला. त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. कशाचंच भान नसलेल्या त्या बाईंना तेवढं मात्र लगेच दिसलं. म्हणाल्या, "गौर थांबली का गं?"

थांबली आहे. भोपाळला आलो त्याच महिन्यात ते बंद पडलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते दुरुस्तीला टाकलेलं होतं. इथल्या घड्याळवाल्याने सांगितलं, आस तुटलाय, हे मशीन होणार नाही, आणि दुसरं बसवून दिलं. वेळ बरोबर दाखवतं. झोपाळा तसाच लटकला आहे. जुनं मशीन त्याने कागदात बांधून परत दिलं. तू आस झिजेल असं लिहिलंस तेव्हा तो तुटून दोन महिने झाले होते.

मी म्हटलं, बाईसाहेब, बंद पडलं. त्या म्हणाल्या, "दादांकडे दे." मी म्हटलं, दादा नाहीत आता. त्यांनी थोडा विचार केला. "मग त्यांच्या लेकीला दाखव. ती हुशार आहे, आत्ता इथेच होती. दादांची लेक." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तू कोण?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

हे तुला सांगायला मला जड गेलं. तुला ते ऐकून काय वाटेल ते मला माहीत आहे. तरी सांगितलं, कारण ते वाक्य तुझं होतं आणि मी ते घेऊन भोपाळला आले होते.

आता आणखी एक. बंगला नाही. कधीच नव्हता. बंगल्याच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, भिंतींना ओल आहे. सगळ्या राज्यांच्या नोकरांची एकत्र यादी झाली, तीत हे खाली गेले. काल जे यांच्या हाताखाली होते ते आज समोर खुर्चीत बसतात. चैत्रगौर केली ती खरी, पण बायका होत्या क्वार्टरांतल्या, आणि घड्याळ मी लांब ठेवलं होतं, कोणी जवळून बघू नये म्हणून. विश्वासराव आले होते. आत बसून चहा घेऊन गेले. मी त्यांना हात जोडून सांगितलं, सरूला सांगू नका. ते बोलले नाहीत. चांगले आहेत. तुला चांगला नवरा मिळाला, याचाही मला राग येतो कधी कधी.

वनूताई

*

लष्कर
९ फेब्रुवारी १९५८

ती. ताई,
नमस्कार.

पत्र वाचलं. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. आनंद झाला, हे तुला वाटलंच असेल. पण "तू कोण" हेही त्याच ओळीखाली आहे. एक वाचावं तर दुसरं दिसतं.

यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. हे बंगल्याचं खोटं बोलले म्हणून नव्हे. तुझं एक गुपित यांच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं म्हणून. हे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू खूश झाली असतीस, आणि ते मला बघायचं नव्हतं."

घड्याळं परत आली. सातजणी आपण होऊन देऊन गेल्या, म्हाताऱ्या बाईंचं मन राखलं म्हणाल्या. सुधाताई आल्या नाहीत. मी वाट बघितली, मग त्यांच्याकडे गेले. त्या कणीक मळत होत्या. घड्याळाला पीठ लागू नये म्हणून ते पार कोपरापर्यंत चढवलेलं. मला बघून म्हणाल्या, "मला वाटलं, वाण परत द्यायचं नसतं." मी म्हटलं, ते वाण नव्हतं, बाईसाहेबांना समजत नाही आता. त्या म्हणाल्या, "त्यांनी किती नीट बांधलं पण." मग हात धुऊन काढून दिलं. त्यावर कणकेचा एक ठिपका होता, तो त्यांनी पदराने पुसला. मी घेतलं, ताई. घेऊन घरी आले. आता त्या शाळेतून येताना डोकावत नाहीत.

आठही डब्यात आहेत. रोज चावी देते. बघत बसत नाही.

तुझं घड्याळ आणि कागदातलं मशीन पाठव. पोस्टाने नको. माधवराव कचेरीच्या राहिलेल्या कामाला इकडे येणार आहेत असं कळलं, त्यांच्याबरोबर पाठव. आस नवा करता येईल. बाड्यावरच्या बाजारात एक कारागीर मला लेथवर कातून देईल, बसवीन मी. नको वाटलं तर पाठवू नकोस. मी वाईट वाटून घेणार नाही असं लिहिणार होते, पण वाटेल.

तुझी
सरू

*

भोपाळ
२ मार्च १९५८

चि. सरू,
यांच्याबरोबर दोन्ही पाठवते आहे. पट्टा जुना आहे, सांभाळ.

वनूताई

*

भोपाळ
६ एप्रिल १९५८

चि. सरोजिनीस,
आशीर्वाद.

महिना झाला. हे तिकडून येऊनही बरेच दिवस झाले. तुझं पत्र नाही. झालं की नाही, तेवढं तरी कळव. माझ्या मनात नको ते येतं. इकडे चैत्र लागला आणि माझा हात मोकळा आहे. आठ होती, आता नऊ झाली, असं तुला वाटत असेल तर तसं लिही. मी मागायला येणार नाही. तू जेवढं जमवलंस ते लोक आपण होऊन देऊन गेले, तसंच मीही दिलं, असं होईल.

वनमालाताई

*

लष्कर
१४ एप्रिल १९५८

ती. ताई,
नमस्कार.

तुला संशय आला तो अगदी खोटा नव्हता. म्हणून उशीर कशाने झाला ते सांगते.

मशीन लवकरच झालं. आस बसला, तेल दिलं, तार सरळ केली. तबकडी चढवून चावी दिली आणि गौरीने झोका घेतला. आधी थांबत थांबत, मग सरळ. हे शेजारी उभे होते.

मग मी ते परत पाठवलं नाही. हाताला बांधलं. मी म्हटलं, वेळ बरोबर ठेवतं का ते बघायला हवं. घालून बाड्यावर गेले. भाजी घेतली, पोस्टात गेले, एका दुकानात उगीच साड्या बघितल्या, हात पुढे करून. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मी घरून ठरवून निघाले होते. माझ्या मावशीच्या घरचं, असं सांगणार होते. कोणी विचारलं नाही. कोणी बघितलंच नाही, ताई. दुसऱ्या दिवशी एका हळदीकुंकवाला गेले. तिथे एक जण म्हणाली, "किती वाजले बघा हो जरा." मी सांगितलं. तिने ऐकलं आणि ती वळली.

तुझ्या पट्ट्याला तुझ्या मनगटाचं भोक पडलंय. माझ्या हाताला तो ढिला होतो, घड्याळ फिरून खाली जातं आणि गौर तळव्याकडे तोंड करते. मी नवं भोक पाडायला सुई घेतली होती. मग ठेवून दिली.

रोज उद्या पाठवू म्हणत राहिले. तुझं पत्र आलं तेव्हा ते हातातच होतं. वाचून राग आला, आणि मग कळलं की तू बरोबर लिहिलं आहेस.

हे पुढच्या आठवड्यात भोपाळला येत आहेत, त्यांच्याबरोबर मीही येते. घड्याळ माझ्या हातात येईल, म्हणजे वाटेत हिसके बसणार नाहीत. आल्या आल्या तुझ्या हाताला बांधीन. दोन खोल्या असोत की एक, आम्ही राहणार. लीलेला सांग, तिचं पोलकं मी पुन्हा शिवून आणते आहे, या वेळी मोठं.

एक मात्र तुला सांगते, नाहीतर तू समजशील की मी अगदी चांगली झाले. मला तुझा हेवा अजून वाटतो. पूर्वी कोणी विचारलं असतं कशाचा, तर मी घड्याळाकडे बोट दाखवलं असतं. आता ते आठवडाभर हातात घालून झालं, आणि हेवा आहे तिथेच आहे. कशाचा ते सांगता येत नाही. तुला कळलं तर मी आल्यावर सांग.

तुझी
सरू